पाण्याचें विरजण

स्वच्छतेचा अभिमान हा इतर सर्व अभिमानांहून अधिक धोक्याचा आहे, असें अलीकडे आमचें मत झालें आहे. विद्येचा गर्व वाहणारा मनुष्य अधिक विद्वान् भेटला म्हणजे निदान क्षणभर तरी मान खालीं घालतो. परंतु स्वच्छतेचा गर्व वाहणाऱ्याला आपल्याहून अधिक स्वच्छ घर या भूतलावर आढळतच नाहीं. आमची गणना या दुसऱ्या वर्गांत होते, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. वर्ध्याला अगदीं लागून असलेल्या सिंदी मेघे येथें आमचें बिऱ्हाड आहे. दोन-तीन कोसांच्या टप्प्यांत एकीकडे सेवाग्राम आणि दुसरीकडे धाम नदीच्या कांठचें पवनार. ज्या दोन थोर पुरुषांनीं हातीं झाडू आणि फावडें घेण्यांत कमीपणा मानला नाहीं, त्यांच्या या शेजारांत राहून आम्हीं केरसुणीला केवळ लक्ष्मीपूजनाच्या रात्रींच पूज्य मानावें, हें शक्यच नव्हतें. आमच्या घरांत तिचें राज्य बारा महिने चालतें. त्या राज्यांत चार निरपराध जीवांचा बळी कसा पडला, त्याची ही हकीकत आहे.

गेल्या मार्गशीर्षांत आमची धाकटी कन्या विषमज्वरानें तीन आठवडे अंथरुणाला खिळून होती. ताप उतरला, पण अशक्तपणा जाईना. पुस्तक हातीं धरलें तर डोळे दुखत, आणि मोबाइलवर तिच्या आईचा कडक पहारा. तेव्हां "मला मासे आणा, मी पडल्यापडल्या बघेन," अशी मागणी तिनें केली. आजारी मुलाची मागणी म्हणजे राजाज्ञाच. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी कांचेची पेटी, तळाशीं पसरायला बारीक खडी, हवेचा एक लहानसा पंप, त्याला जोडलेला स्पंजाचा फिल्टर आणि चार सोनेरी मासे असा सरंजाम एका रविवारीं घरीं येऊन दाखल झाला. पेटींत सुमारें ५० लिटर पाणी मावलें. "दर आठवड्याला सगळें पाणी बदला आणि फिल्टर स्वच्छ धुवा," एवढा एकच मंत्र विक्रेत्यानें आम्हांस दिला. आमच्यासारख्या शिष्याला तो न देतां तरी चाललें असतें. कन्येनें चौघांचें नामकरण केलें: केशर, शेंदरी, मोती आणि बुंदी. त्या दिवशीं तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनीं रंग दिसला.

चौथ्या दिवशीं पाणी दुधट दिसूं लागलें. आमच्या घरांत दुधट पाणी! आम्हीं रविवारची वाटहि पाहिली नाहीं. मासे एका पातेल्यांत काढले, पेटी रिकामी केली, खडी परातींत घेऊन तांदूळ धुवावे तशी सात पाण्यांनीं धुतली, कांच घासून आरशासारखी केली, आणि स्पंज उकळत्या पाण्यांत टाकून नंतर गच्चीवर कडकडीत उन्हांत वाळविला. पेटी पुन्हां भरली तेव्हां पलीकडची भिंत जणूं मध्यें पाणी नसल्यासारखी स्पष्ट दिसत होती. पुढच्या रविवारीं स्पंज पिळला तों त्यांतून तपकिरी, बुळबुळीत गाळ निघाला. आम्हीं नाक मुरडलें आणि तो गाळ अखेरच्या थेंबापर्यंत मोरींत ओतून दिला. त्या थेंबाथेंबाबरोबर आम्ही काय ओतून देत आहों, याची आम्हांला कल्पना नव्हती.

प्रथम बुंदी गेली. मग मोती आणि शेंदरी एकाच रात्रींत. ते पाण्याच्या पृष्ठभागाशीं येऊन तोंड उघडझांप करीत. त्यांचे कल्ले लालभडक दिसत. आम्हांला वाटलें, पाणी पुरेसें स्वच्छ नाहीं. म्हणून धुण्याचा सपाटा आम्हीं अधिकच वाढविला. तिसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारीं सकाळीं केशरहि खडीवर आडवी पडलेली आढळली. कन्या बराच वेळ पेटीपुढें बसून होती. मग तिनें विचारलें, "बाबा, आपण तर त्यांचं घर इतकं स्वच्छ ठेवत होतों. मग ते मेले कां?" मोठ्या माणसांजवळ अशा प्रसंगीं देवाच्या इच्छेचें उत्तर तयार असतें. आम्हीं तें दिलें, आणि देतांना तिच्याकडे पाहण्याचें टाळलें. तिनें आजारपणांत एकहि दिवस सोडलें नव्हतें तें जेवण त्या दिवशीं सोडलें. घरांतल्या साऱ्या उत्साहावर विरजण पडलें. हा वाक्प्रचार आम्हीं जाणूनबुजून योजिला आहे. त्याचें कारण पुढें येईलच.

आमच्या शेजारच्या गल्लींत जीवशास्त्र शिकणारा एक विद्यार्थी राहतो. त्याच्या खोलींत तीन पेट्या आहेत, असें कन्येला तिच्या मैत्रिणींकडून कळलें होतें. तिनेंच त्याला बोलावून आणलें. त्यानें आमची लखलखीत रिकामी पेटी पाहिली, वाळत घातलेला पांढराशुभ्र स्पंज हातांत घेऊन पाहिला आणि विचारलें, "काकाजी, हा कशानें धुतला जी?"

"उकळत्या पाण्यानें," आम्हीं सांगितलें. आमच्या स्वरांत थोडा अभिमान असावा.

तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "मग त्यांत राहणारे सगळे गेले."

"त्यांत कोण राहत होतें?"

या प्रश्नाचें उत्तर त्यानें जमिनीवर मांडी घालून आम्हांला दिलें, आणि कन्येला कांहीं सुटूं नये म्हणून प्रत्येक वाक्य दोनदां सांगितलें. मासा आपल्या शरीरांतील मळ मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपानें पाण्यांत सोडतो. उरलेलें खाद्य कुजून त्यांत भर घालतें. नदींत किंवा तळ्यांत हें विष अफाट पाण्यांत पसरतें. ५० लिटरांच्या पेटींत तें मासा ज्या पाण्यांत श्वास घेतो त्याच पाण्यांत सांठत जातें. तें डोळ्यांना दिसत नाहीं. पाणी आरशासारखें असूनहि तें माशाचे कल्ले जाळूं शकतें. शिवाय या अमोनियाची दोन रूपें असतात आणि त्यांतलें एक फार विषारी. पाणी जितकें ऊन आणि जितकें क्षारधर्मी, तितका त्या विषारी रूपाचा वांटा मोठा. पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला, तर तो वांटा सुमारें दहापट होतो. आमच्या नळाचें पाणी त्यानें तपासलें, तें ८ च्या आसपास भरलें.

या विषावर उतारा काय? तर स्पंजाच्या छिद्राछिद्रांत, खडीच्या दाण्यादाण्यावर वस्ती करणारे सूक्ष्म जंतु. त्यांतले कांहीं अमोनियाचें नायट्राइट करतात. पण हें नायट्राइटहि विषच. तें माशाच्या रक्तांत शिरलें म्हणजे रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति हरपते. मग दुसरे जंतु त्याचें नायट्रेट करतात. हें नायट्रेट पुष्कळच सौम्य असतें. पाणवनस्पति तें खाऊन वाढतात, आणि उरलेलें आठवड्याला थोडें पाणी बदललें कीं बाहेर जातें. "तुम्ही दर रविवारीं विष काढून टाकत होतां, काकाजी, पण सोमवारपासून तें पुन्हां सांठायचें, आणि तें खाणाऱ्यांना तुम्ही उकळून वाळत घातलेलें. बाकी नळाच्या पाण्यांतला क्लोरीन संपवायचा." चौथ्या दिवशीं पाणी दुधट झालें होतें, तेंहि मळानें नव्हे, नव्या पेटींत दुसरेच जंतु एकाएकीं माजतात, आणि हात न लावला तर कांहीं दिवसांत पाणी आपोआप निवळतें. त्यानें आम्हांला दोष दिला नाहीं. देण्याची गरजहि नव्हती.

त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं, म्हणून या विषयावर जें मिळालें तें वाचीत बसलों. मौज अशी कीं, या ज्ञानाची कथा एका बापलेकांच्या घरांतून जाते. १८५० सालीं लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं दोन लहान सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया नांवाची पाणवनस्पति आणि थोड्या गोगलगाई एका भांड्यांत ठेवून हा संसार पाणी न बदलतां महिनोन् महिने चालतो, असें तेथील केमिकल सोसायटीला दाखवून दिलें. वनस्पतीनें माशाला प्राणवायु द्यावा, माशानें वनस्पतीला कर्बवायु द्यावा, आणि कुजकीं पानें गोगलगाईनें खावीं, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. पण त्या भांड्यांत आणखी एक भागीदार होता आणि त्याचें नांव कोणाला ठाऊक नव्हतें. १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लोसिंग आणि म्युंत्स या दोघांनीं वाळू व चुनखडी भरलेल्या नळींतून सांडपाणी हळूहळू झिरपविलें. सुमारें वीस दिवस कांहींच घडलें नाहीं. अमोनिया जसा आंत जाई तसाच बाहेर येई. मग एकाएकीं तो नाहींसा होऊन त्याच्या जागीं नायट्रेट येऊं लागलें. क्लोरोफॉर्मची वाफ सोडतांच काम थांबलें, आणि बागेंतल्या मातीचें थोडें धुवण घालतांच तें पुन्हां सुरू झालें. म्हणजे हें काम रसायनाचें नव्हे, जिवंत प्राण्यांचें. त्यानंतर वॉरिंग्टन यांच्याच चिरंजीवांनीं, ज्यांचें नांवहि रॉबर्टच होतें, रॉथमस्टेडच्या शेतकी प्रयोगशाळेंत हें काम दोन टप्प्यांनीं होतें व ते दोन टप्पे निरनिराळे जंतु पार पाडतात, असें दाखविलें; परंतु ते जंतु वेगळे काढणें त्यांना साधलें नाहीं. तें १८९० सालीं झुरिक येथें विनोग्राड्स्की यांना साधलें. बापाच्या भांड्यांत जो अदृश्य भागीदार होता, त्याचा माग काढण्यांत लेकाची कित्येक वर्षें गेलीं!

ही कथा तेथेंहि संपत नाहीं. कांचेच्या पेट्यांतील नायट्राइट खाणारे जंतु ज्या जातीचे समजले जात, ते त्या जातीचे नसून नायट्रोस्पायरा नांवाच्या दुसऱ्याच कुळांतले आहेत, असें १९९८ सालीं आढळलें. आणि त्याच कुळांतले कांहीं जंतु दोन्ही टप्पे एकट्यानेंच पार पाडतात, हें २०१५ सालीं उघडकीस आलें. त्यांपैकीं एक तर माशांच्या संवर्धनगृहांतल्या फिल्टरांतच सांपडला. इतक्या थोर कुळाला आम्हीं दर रविवारीं मोरीची वाट दाखविली होती.

दुसऱ्या दिवशीं हें सर्व आम्हीं स्वयंपाकघरांत सांगूं लागलों. आमच्या मातोश्री ताक घुसळीत होत्या. त्यांनीं निम्मेंच ऐकलें आणि म्हणाल्या, "एवढं कशाला सांगतोस? विरजणाशिवाय दही लागेल का? तूं भांडं घासून ठेवलंस, पण विरजण पण घासून टाकलंस." शास्त्रज्ञांना ज्याकरितां कित्येक वर्षें लागलीं, तें मातोश्रींना रवी न थांबवितां समजलें. तेव्हां कोठें त्या जुन्या वाक्प्रचाराची गंमत आमच्या ध्यानांत आली. उत्साहावर विरजण पडलें म्हणून आम्ही हळहळत होतों. खरें पाहतां विरजण पडलें नव्हतें, हेंच सगळें दुखणें होतें.

विद्यार्थ्यानें आपल्या जुन्या पेटींतल्या स्पंजाचा चार बोटें तुकडा कापून, त्याच पेटीच्या पाण्यांत बुडवून, झांकणाच्या डब्यांतून आणून दिला. दिसायला तो ओंगळ होता. तपकिरी, बुळबुळीत, आणि पावसानंतरच्या काळ्या मातीसारखा वास. आम्हीं तो आमच्या शुभ्र स्पंजाशेजारीं बसविला. या विरजणाशिवाय चार ते सहा आठवडे वाट पाहावी लागली असती, असें त्यानें सांगितलें. कारण दुधांतले जंतु तासाभरांत कितीतरी पटींनीं वाढतात, पण या मंडळींना दुप्पट व्हायला अर्धा दिवस ते एक दिवस, कधीं त्याहूनहि अधिक वेळ लागतो. अमोनिया जाळून जी तुटपुंजी शक्ति मिळते तिच्यावरच त्यांचा प्रपंच; घाई त्यांच्या स्वभावांत नाहीं. पेटींत मासा नसतांना कन्या रोज चिमूटभर खाद्य टाकी, म्हणजे तें कुजून जंतूंना अमोनिया मिळे. मग कांचेच्या नळींत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे; हिरवा रंग आला तर अमोनिया आहे, पिवळा आला तर नाहीं. नऊ दिवस रिकाम्या पेटीपुढें बसून ती हिरवा रंग पाहत होती. रिकाम्या पेटीची अशी आशेनें सेवा करणारें मूल पाहून आमच्या मनाला जें वाटलें, तें लिहीत नाहीं. दहाव्या दिवशीं सकाळीं तिनें आम्हांला हांक मारली. नळींतला रंग पिवळा होता.

या वेळीं सोनेरी मासे आणले नाहींत. एवढ्याशा पाण्यांत चार सोनेरी मासे म्हणजे एका खोलींत चार बिऱ्हाडें, असें आमच्या गुरूनें बजावलें होतें. हिवतापाच्या बंदोबस्तासाठीं डासांच्या अळ्या खायला विहिरींत व टांक्यांत सोडतात, त्या गप्पी माशांपैकीं सहा त्यानें दिले. नियमहि थोडेच सांगितले. आठवड्याला चौथाई पाणीच बदलावें. नवें पाणी ओतण्यापूर्वीं, फोटो धुणारे पूर्वीं वापरीत तो हायपो बेतानें घालून क्लोरीन मारावा. मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढेंच खाद्य टाकावें. आणि स्पंज तुंबला, तर पेटींतून काढलेल्या पाण्याच्या बादलींत तो दोनदां हलकेच पिळावा. नळाखालीं कधींहि धरूं नये. हा शेवटचा नियम पाळतांना आमच्या हाताला किती कष्ट झाले म्हणून सांगावें! स्पंज मळकट दिसत असतांना हात आंवरणें हा आमच्या आयुष्यांतला मोठा इंद्रियनिग्रह होय.

खरी परीक्षा ज्येष्ठाच्या आरंभीं झाली. वर्ध्याचा उन्हाळा वाचकांना सांगायला नको. पेटींतलें पाणीहि ३३ अंशांवर गेलें होतें. २० अंशांच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर ३३ अंशांच्या पाण्यांत जेमतेम ७. तोच प्राणवायु माशाला हवा आणि तोच जंतूंनाहि. अमोनियांतल्या १ मिलिग्रॅम नत्राची विल्हेवाट लावतांना ते सुमारें साडेचार मिलिग्रॅम प्राणवायु खर्चितात. अशा एका रात्रीं वादळ झालें, कोठेंतरी तार तुटली आणि वीज गेली. पंप थांबला. तासाभरानें कंदिलाच्या उजेडांत पाहिलें, तों साही मासे पाण्याच्या पृष्ठभागाशीं तोंडें लावून उभे! तें दृश्य आम्हीं पूर्वीं पाहिलें होतें. कन्येनेंहि पाहिलें होतें. ती कांहीं बोलली नाहीं, पण तिनें आमचा सदरा घट्ट धरला. आम्हीं तांब्या घेतला, आणि पेटींतलेंच पाणी हातभर उंचीवरून पेटींत सोडूं लागलों. पडणाऱ्या पाण्याबरोबर हवा आंत जाते, हा साधा उपाय. दर अर्ध्या तासानें दहा मिनिटें, याप्रमाणें पाळी लावली: आम्ही, सौभाग्यवती, आणि मध्यरात्रीपर्यंत कन्या. स्पंजहि मधूनमधून पाण्यांत हलवीत होतों. वाहतें पाणी थांबलें कीं त्याच्या आंतले रहिवासी गुदमरतात. पहांटे साडेतीनला दिवा लागला आणि पंपाची गुणगुण सुरू झाली. साही मासे जिवंत होते. ज्या मळाला आम्हीं एकदां उकळलें होतें, त्याला श्वास मिळावा म्हणून आम्ही रात्रभर जागलों होतों.

तेव्हांपासून आमच्या मनांत एक विचार घोळत आहे. १९३६ सालीं गांधीजी येथून जवळच शेगांवीं राहावयास आले. तेंच पुढें सेवाग्राम झालें. विनोबा पवनारहून खांद्यावर फावडें टाकून रोज सुरगांवास भंगीकाम करायला जात, हें या भागांत सर्वश्रुत आहे. परंतु त्यांची स्वच्छता केवळ झाडण्याची नव्हती. मळ मातीनें झांकावा, त्याला मुरूं द्यावें आणि त्याचें सोनखत शेताला परत द्यावें, हा तिचा उत्तरार्ध होता. त्या मातींत काम करणारे जंतु आणि आमच्या स्पंजांतले जंतु हे एकाच धंद्यांतले भाऊबंद. आमच्या भागांतला शेतकरी शेणखत उकिरड्यांत मुरल्याशिवाय कपाशीला घालीत नाहीं, तोहि याच भाऊबंदांच्या भरंवशावर. आम्हीं त्या थोर पुरुषांकडून झाडू तेवढा घेतला. माती घ्यावयाची विसरलों. मळ नजरेआड झाला म्हणजे आम्हांला तो संपला असें वाटतें. तो संपत नाहीं. तो कोणीतरी पचवावा लागतो. आणि पचविणारे बहुधा आमच्या डोळ्यांना ओंगळ दिसतात, म्हणून त्यांनाच आम्ही प्रथम हांकलून देतों. केवळ कांचेच्या पेटींतच असें होतें, असें आम्हांस वाटत नाहीं.

असो. सहा गप्पींचे आतां तेवीस झाले आहेत, आणि जास्तीचे द्यावयाला कन्या घरें शोधीत असते. परवां दिवेलागणीच्या वेळीं तिची एक मैत्रीण झांकणाचा डबा घेऊन दारांत उभी राहिली. तिच्याकडे नवी पेटी आली होती, आणि तिला स्पंजाचा तुकडा हवा होता. आमच्या मातोश्री तिन्हीसांजेला कोणाला दूध, दही, विरजण देत नाहींत. लक्ष्मी जाते म्हणतात. त्या क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनीं स्वयंपाकघरांतली कात्री काढून नातीच्या हातीं दिली आणि म्हणाल्या, "दे गं. पण आपल्याच पाण्यांत बुडवून दे. आणि तिला सांग, घरीं नेऊन धुवूं नको म्हणावं."